राहणार : वधूपक्षाची खोली

तमाम वाचकांस कळविण्यात येते की, खाली सांगितलेलं प्रकरण अत्यंत गंभीर स्वरूपाचं असून, त्यातला पहिला पुरावा तपासी अधिकाऱ्याने, म्हणजे मी, जागेवरच खाऊन टाकला होता. एकदा नव्हे, आग्रह झाला म्हणून दुसऱ्यांदाही. पोलीस खात्यात असं पूर्वी कधी घडल्याचं माझ्या ऐकिवात नाही. आता मी निवृत्त आहे. चोर-दरोडेखोरांचे चेहरे पुसट होत चालले आहेत. पण कढईत जिलेबी पडल्याचा वास आला, की ती घटना मात्र आजही जशीच्या तशी समोर येऊन उभी राहते.

नांदेडच्या एका ठाण्याचा कारभार तेव्हा माझ्याकडे होता. उन्हाळा होता. गोदावरी आटली होती आणि लगीनसराई भरात होती. आम्हा पोलिसांची लगीनसराई वेगळी असते. वरातीमुळे अडलेली वाहतूक, हॉलमधून हरवलेल्या पर्सा, आणि मानपानावरून एकमेकांची गचांडी धरणारे दोन्हीकडचे मामा. अशाच एका दुपारी फोन आला.

"सायेब, नाव इचारू नका. बायपासकडं ते मोठं मंगल कार्यालय हाय ना, त्या पत्त्यावर वीसेक पोरी भाड्यानं ऱ्हातेत म्हणून कागद दिलेत. सरकारचा भत्ता उचलून राहिल्या. तिथं एक बी पोरगी ऱ्हात न्हाई."

"तुम्हाला कसं माहीत?"

"रविवारी जाऊन बघा की. रविवारीच जा."

फोन बंद. खबर देणारा माणूस जागा सांगतो, माणसं सांगतो. वार सहसा सांगत नाही. ही गोष्ट मनात टाचून ठेवली आणि चौकशी सुरू केली.

ज्या कार्यालयातून हा भत्ता मिळतो, तिथेही एक निनावी अर्ज गेलेला होता. त्यांनी पडताळणीची विनंती आमच्याकडे पाठवली आणि सोबत योजनेच्या अटी जोडल्या. त्या अटी वाचता वाचता माझा चहा गार झाला. भत्ता कुणाला? जिला बारावीला चांगले गुण आहेत. जिच्या घरचं उत्पन्न मर्यादेच्या आत आहे आणि तसा तहसीलचा दाखला आहे. जिचं कॉलेज मान्यताप्राप्त आहे, पण तिच्या गावापासून लांब आहे. जिने सरकारी वसतिगृहासाठी अर्ज केला आणि जिला तिथे जागा मिळाली नाही. जिचं खातं आधारला जोडलेलं आहे. जिची कॉलेजातली हजेरी पुरेशी भरते. आणि जी शहरात खरोखर भाड्याने राहते.

"सायेब," आमचे जमादार म्हणाले, "आपल्याकडं जामिनाला बी इतकं लागत न्हाई." हुद्द्याने ते हवालदार, पण सारं ठाणं त्यांना जुन्या सवयीने जमादार म्हणायचं.

खरं होतं त्यांचं. हुशारी सिद्ध करा, गरिबी सिद्ध करा, घर लांब असल्याचं सिद्ध करा, आणि शेवटी इथे राहत असल्याचंही सिद्ध करा. बाकीचे दाखले तपासायला इतर कार्यालयं होती. शेवटची अट आमच्या वाट्याला आली.

रविवारी मी आणि जमादार साध्या वेशात निघालो. साधा वेश म्हणजे इस्त्रीचा सदरा. कारण कार्यालयासमोर पोचलो तर कमान, बँड आणि घोडा! लग्नात साध्या वेशात शिरणं जगातलं सर्वात सोपं काम आहे. दारात कुणीतरी अंगावर गुलाबपाणी उडवलं, कुणीतरी "या या, उशीर केलात" म्हणालं, आणि मी सावरेपर्यंत एका उत्साही तरुणाने जमादारांच्या डोक्याला फेटाही बांधून टाकला.

आम्ही सगळीकडे फिरलो. 'वधूपक्ष' पाटीच्या खोलीत मावश्या-आत्या साड्यांच्या निऱ्या घालत होत्या; जमादारांनी दारातूनच "चुकलो" म्हणत काढता पाय घेतला. 'वरपक्ष' पाटीच्या खोलीत तीन काका आडवे होऊन घोरत होते. वह्या नाहीत, पुस्तकं नाहीत, दोरीवर एक ओढणी नाही. भांड्यांच्या खोलीला कुलूप. एका म्हातारबुवांना विचारलं, "इथं मुली राहतात का हो?" तर ते म्हणाले, "लगीन हाय बाबा, पोरी तर चिक्कार हायेत. कुणासाठी बघून राहिलात?"

झालं. खबर खरी निघाली, असं मानून आम्ही पंगतीला बसलो. उपाशी निघालो असतो तर संशय आला असता, हे माझं अधिकृत कारण.

हिरव्या साडीतली एक मुलगी जिलेबीचं ताट घेऊन आली. पदर खोचलेला, कपाळावर घाम, आणि आग्रह असा की आत्याबाईंनी शिकवणी घ्यावी.

"काका, घ्या की अजून. नवऱ्याकडचे ना तुम्ही?"

"हो," मी म्हणालो. "आणि तू?"

"मी नवरीकडची."

तिने दोन जिलेब्या वाढल्या. पुढे कळलं की त्या क्षणी आम्ही दोघेही साध्या वेशात होतो आणि दोघेही धडधडीत खोटं बोललो होतो.

सोमवारी मी अहवालाचा मसुदा केला: सदर ठिकाणी कोणीही विद्यार्थिनी वास्तव्यास नाही. पुढची पायरी ठरलेली. प्रत्येक मुलीच्या गावच्या ठाण्याला निरोप पाठवायचा, तिथला शिपाई घरी जाणार, आईवडिलांचे जबाब घेणार. पण त्याआधी मुलींचे जबाब हवेत, आणि इथे एक गंमत झाली. महिलेची चौकशी तिच्या राहत्या ठिकाणीच करावी, असा कायदा आहे. आता ज्यांचं राहतं ठिकाण आहे की नाही हाच वाद, त्यांची चौकशी कुठे करायची? महिला शिपाई म्हणाल्या, "सर, कागदावरच्या पत्त्यावर जाऊ. नाही भेटल्या तर आपलं काम अजूनच सोपं."

मंगळवारी सकाळी आम्ही गेलो. दारात मी थबकलो, ते आत शिरायचं विसरूनच गेलो.

तीच कमान, तोच हॉल. पण रविवारी जिथे नवरा-नवरी बसले होते, त्या सोनेरी सिंहासनावर एक मुलगी मांडी घालून गणितं सोडवत होती. स्टेजवर, 'शुभविवाह' या थर्माकोलच्या अक्षरांखाली, ओळीने लोखंडी पेट्या आणि त्यांच्यावर वह्या. जेवणाच्या हॉलमध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढण्या वाळत होत्या. पंगतीच्या लांब टेबलांवर मुली समोरासमोर बसून वाचत होत्या, आणि केटरिंगच्या भल्यामोठ्या किटलीतून चहा फिरत होता. 'वधूपक्ष' पाटीखाली कुणीतरी खडूने लिहिलं होतं: फार्मसी, दुसरं वर्ष. 'वरपक्ष'खाली: नर्सिंग. आवाज नाही. त्या प्रचंड हॉलमध्ये फक्त पानं उलटल्याचा आवाज. मी आयुष्यात गुरुद्वाऱ्यात आणि परीक्षेच्या हॉलमध्ये बूट हळू टाकले होते. तिसऱ्यांदा तिथे टाकले.

तेवढ्यात सिंहासनावरच्या मुलीने मान वर केली. कालपरवाची हिरवी साडी! तिने मला पाहिलं, माझ्या अंगावरची वर्दी पाहिली, आणि तिच्या तोंडून निघालं, "अय्यो, नवऱ्याकडचे काका!"

कार्यालयाची मालकीण बाहेर आली. उदगीरकडच्या व्यापारी घरातली, मुली तिला अक्का म्हणायच्या. नवऱ्यामागे तीच हॉल चालवत होती.

"सायेब, लगनं वर्षात असतेत कितीक दिवस?" अक्का म्हणाली. "बाकीच्या दिवसाला ह्या खोल्या काय उंदराला देऊ? पोरींना देती. लगनाची तिथ आली की पोरी पेट्या भांड्याच्या खोलीत टाकून कुलूप लावत्यात. वरात निघाली की पुन्हा आपलं घर."

"आणि लग्न चालू असताना कुठे जातात?"

"कुठं जात्यात? लग्नात! निस्ती बसलेली बाई नजरेत येती बगा. काम करणारीला कुणी इचारत न्हाई. नवरीकडच्याला वाटतंय नवऱ्याकडची, नवऱ्याकडच्याला वाटतंय नवरीकडची."

चाळीस-पन्नास हजारांच्या जमावातून पाकीटमार हुडकणारा मी माणूस. पण ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात कधी आली नव्हती. आपल्या लग्नात दोन पक्ष असतात, आणि त्या दोघांच्या मधोमध एक आख्खं वसतिगृह राहू शकतं, कुणाला पत्ता न लागता! बिनबोलावता पंगतीला बसल्याबद्दल काही कलम आहे का, ते मी मनातल्या मनात शोधलं. सापडलं नाही. सापडलं असतं, तर पहिला आरोपी मीच होतो.

हिरव्या साडीची मुलगी जळकोट तालुक्यातली. फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला. महिला शिपाई जबाब लिहीत होत्या आणि ती न अडखळता उत्तरं देत होती. पहिले काही महिने एका खासगी होस्टेलवर होती. तिथल्या मालकाला वर्षाचे पैसे आगाऊ हवे होते, आणि भत्ता तर उशिरा येतो. म्हणून मैत्रिणींबरोबर इथे आली. एकीमागून एक त्या होस्टेलच्या बऱ्याच मुली इथे आल्या.

"घरी माहीत आहे?" मी विचारलं.

इथे ती पहिल्यांदा अडखळली. "अप्पांना वाटतंय, मी त्याच होस्टेलवर हाय. मंगल कार्यालयात राहते म्हणलं की आईच्या डोळ्यापुढं नुसती हळदच येती. दोन स्थळं सांगून आलेत आधीच. सर, तुम्ही काय लिहायचं ते लिवा, भत्ता गेला तर बघू कसंतरी. पण गावाकडं पोलीस पाठवू नका. दारात पोलीस आला की अप्पा मला घेऊन जातील, अन् पुढच्या तिथीला माझंच लगीन लावतील." मग हॉलकडे बघत म्हणाली, "ते बी बहुतेक इथंच. अक्का भाडं कमी करतात."

सगळ्या मुली हसल्या. ती हसली नाही. मीही नाही. कारण जळकोटच्या ठाण्याला पाठवायचा निरोप माझ्या टेबलावर सहीसाठी पडला होता.

परत येताना जमादारांनी जीपमध्ये शंका काढली, आणि ती रास्त होती. "सायेब, आपण येणार ही बातमी फुटली असंल तर? ओढण्या वाळत घालायला कितीसा वेळ लागतोय? एक सकाळ दिसल्यानं वर्षभर ऱ्हात्यात असं थोडंच होतंय?" ज्याला कोर्टात उलटतपासणीचा अनुभव आहे, तो माणूस असाच विचार करतो. या मुली सतत इथेच राहतात, लग्नाच्या दिवशीसुद्धा, हे सिद्ध व्हायला हवं होतं. अक्काचा शब्द मालकिणीचा, मुलींचा शब्द लाभार्थ्यांचा. त्रयस्थ साक्षीदार कोण? वऱ्हाडी? ते तर शपथेवर सांगतील की ही समोरच्या पक्षाची मुलगी.

दुसऱ्या दिवशी सकाळी जमादार ठाण्यात आले ते हातात पेनड्राइव्ह नाचवतच. गेल्या हंगामात त्यांच्या पुतणीचं लग्न याच हॉलमध्ये झालं होतं. त्यांच्या बायकोला त्या लग्नाचा व्हिडिओ लावून बसायची सवय. आदल्या संध्याकाळी जमादार जेवता जेवता बघत होते, आणि घास हातातच राहिला.

"सायेब, ती जळकोटची पोरगी! आमच्या लग्नात काय करून राहिली? अन् मी तिला व्याह्याची भाची समजून खण-नारळ दिलाय!"

मी ताबडतोब त्या हॉलच्या ठरलेल्या व्हिडिओवाल्याला बोलावलं. तो कॉम्प्युटरसह हजर झाला आणि आल्या आल्या म्हणाला, "साहेब, मी कुणाला बोललो नव्हतो, पण मला वर्षभर हाच प्रश्न पडलाय. लग्नं वेगळी, आडनावं वेगळी, जाती वेगळ्या, आणि कलवऱ्या त्याच!"

त्या दुपारी आमच्या ठाण्यात जे घडलं ते पोलीस ठाण्याला शोभणारं नव्हतं. अख्खं ठाणं माझ्या खोलीत जमून लग्नं बघत होतं. तक्रार द्यायला आलेला एक माणूस तक्रार विसरून खुर्ची ओढून बसला. दिवाळीनंतरचं लग्न, त्याच मुली. संक्रांतीनंतरचं, त्याच मुली. उन्हाळ्यातलं, त्याच. एकीने अक्षता वाटल्या, एकीने नवरीचा शालू सावरला, एक हरवलेल्या पोराला कडेवर घेऊन आई शोधत फिरली. आम्ही सुरुवातीला ओळखपरेड करावी तसे चेहरे टिपत होतो. हळूहळू टिपणं थांबलं आणि सगळे नुसते बघू लागले.

कारण व्हिडिओवाल्याने एक जागा थांबवून दाखवली. मंगलाष्टकं चालली आहेत. सगळ्यांचे डोळे अंतरपाटाकडे. मागच्या रांगेत ती जळकोटची मुलगी. ओठ हलताहेत. "ही काय म्हणतीय बघा," व्हिडिओवाला म्हणाला. महिला शिपायांच्या बहिणीने फार्मसी केलेलं, त्या स्क्रीनजवळ गेल्या, निरखून बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "सर, ही औषधांची नावं पाठ करतीय." 'सावधान' झालं की तिच्या हातून अक्षता सुटायच्या, नेमक्या, सगळ्यांबरोबर. आणि पुन्हा ओठ हलायला लागायचे. लगीनसराई आणि परीक्षा, दोन्ही एकाच महिन्यात येतात, हे मला माहीत होतं. त्या दोन्ही एकाच जागी उभ्याने पार पाडता येतात, हे माहीत नव्हतं. दुसऱ्या एका चित्रणात मुलगे डीजेपुढे बेभान नाचत होते, आणि त्या भिंतीएवढ्या स्पीकरच्या मागे, कानात कापसाचे बोळे घालून, दोघीजणी एकमेकींची तोंडी परीक्षा घेत होत्या. प्रश्न खुणेने, उत्तर खुणेने.

जमादारांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

शेवटी गेल्या रविवारचं लग्न लागलं. त्यात मीही होतो. तोंडात जिलेबी, हातात जिलेबी, आणि समोर ताट घेऊन ती. ठाण्याची शिस्त एका क्षणात मोडली.

हशा विरल्यावर मला तो मनात टाचलेला शब्द आठवला. रविवारीच जा. म्हणजे रविवारी तिथी आहे आणि तिथीला खोल्या रिकाम्या दिसतात, हे फोनवाल्याला ठाऊक होतं. असा माणूस एकच, ज्याच्याकडून या मुली निघून गेल्या होत्या. त्या खासगी होस्टेलच्या मालकाला चहाला बोलावलं. दमदाटी काही केली नाही. फक्त कॅलेंडर त्याच्यापुढे सरकवलं आणि म्हणालो, "शेठ, पुढच्या महिन्यातले मुहूर्त जरा सांगता?"

त्याने न बघता सगळे धडाधड सांगितले. मग कशासाठी विचारलं ते त्याच्या लक्षात आलं, आणि त्याने रुमालाने मान पुसली. "खाटा रिकाम्या पडल्यात, सायेब," तो पुटपुटला. त्याला समज दिली. खोटी माहिती दिल्याबद्दल काय होऊ शकतं तेही नीट समजावलं. मागच्या पावलांनी दारापर्यंत गेलेला माणूस मी तेवढा एकच पाहिला.

अहवाल नव्याने लिहिला: सदर विद्यार्थिनी नमूद पत्त्यावर सलग वास्तव्यास असून, तसे चित्रीकरण सोबत जोडले आहे. संबंधित कार्यालयाने मान्य केला. तिथेही म्हणे ते चित्रीकरण सगळ्यांनी मिळून पाहिलं. भत्ता चालू राहिला. जळकोटचा निरोप मी फाडला, आणि बाकीच्या गावांचेही.

या प्रकरणाने मला काय शिकवलं? नोकरीभर मी प्रत्येक जबाबात नावापुढे 'राहणार' लिहीत आलो. तो शब्द हात आपोआप लिहायचा. त्यानंतर कधी आपोआप लिहिला नाही. मदत मिळण्यासाठी कोण पात्र, हे ठरवणाऱ्या अटी मी वाचल्या होत्या. त्या पुऱ्या करायला एखादं माणूस काय काय करतं, हे त्या स्क्रीनवर पाहिलं. आता कुणाच्याही लग्नात गेलो की वाढणाऱ्या मुलीला मी 'कुणाकडची' असं विचारत नाही. 'कितव्या वर्षाला?' असं विचारतो. बऱ्याच जणी दचकतात. काही जणी हळूच सांगतात.

मात्र खरा निकाल लागला तो पुढच्या वर्षी, जमादारांच्या मुलाच्या लग्नात. हॉल तोच, जमादारांनी दुसरीकडे चौकशीसुद्धा केली नव्हती. सून लातूर जिल्ह्यातली, जळकोटकडचीच, त्यामुळे तिकडची बरीच मंडळी आलेली. मी पंगतीत बसलो. शेजारी पांढऱ्या टोपीतले, उन्हाने रापलेले एक गृहस्थ, आणि त्यांच्या पलीकडे त्यांचे बोलघेवडे पाहुणे. जिलेबी आली. ताट ओळखीच्या हातात होतं. तिने मला पाहून हसायला सुरुवात केली, आणि ते हसू अर्ध्यातच गोठलं. ती माझ्या शेजाऱ्याकडे बघत होती.

"अप्पा?"

त्या गृहस्थांचा हात पत्रावळीवरच थांबला. "तू? तू हितं काय करायलीस?"

मी बोलणार होतो. तोंडापर्यंत आलंही होतं की मी पोलीस अधिकारी आहे, सगळी चौकशी झालेली आहे. पण तिने ताट खाली ठेवलं आणि स्वतःच सांगितलं. "अप्पा, मी हितंच ऱ्हाते. दोन वर्सं झाली. वधूपक्षाच्या खोलीत. वर्गात पहिली आले ते हितनंच वाचून."

"हितं? लग्नात?"

"हाव. परवा पेपर हाय."

अप्पांनी हॉलभर नजर फिरवली. बँड बघितला, सिंहासन बघितलं, पंगतीत वाढणाऱ्या बाकीच्या मुली एकेक करून बघितल्या. मग मुलीकडे बघितलं. तिच्या कमरेला खोचलेल्या पदरातून घडी घातलेला एक छापील कागद डोकावत होता, औषधांच्या नावांचा. ते त्या कागदाकडे बघत राहिले.

नेमक्या त्या वेळी पलीकडच्या पाहुण्यांना विनोद सुचला. "पावणं, लई झालं आता शिक्षण. टाका उजवून पोरीला! हॉल तर आयताच हाय!"

पंगत हसली. अप्पा हसले नाहीत. त्यांनी मुलीच्या ताटातली एक जिलेबी स्वतःच्या हाताने उचलून पाहुण्यांच्या पानात ठेवली आणि शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाले,

"इतकी लगनं रोज डोळ्यानं बघून तिला घाई झाली न्हाई, तर तुमाला कशाची घाई हाय हो?"